लेटरबॉक्सच्या पत्र्यावर नाव टाकायचंय?
सोसायटीतल्या पत्र्याच्या लेटरबॉक्सवर मार्करने नाव लिहू नका, ऊन लागत असेल तर ते फिकं पडतंच. सगळ्यात सोपं म्हणजे गाडीच्या नंबरप्लेटवाल्याकडून रेडियममध्ये नाव कापून आणायचं, फक्त मराठीत असेल तर त्याला आधीच सांगा की शिरोरेषा अख्खी एकसंध ठेव, नाहीतर अक्षरं जिथे एकमेकांवर चढतात तिथेही ब्लेड फिरतं आणि चिकटवताना तुकडे सुटे होतात.

चिकटवायच्या आधी पत्रा थिनरने पुसून कोरडा करा, मग साबणाच्या पाण्याचा हलका फवारा मारा म्हणजे स्टिकर सरकवून सरळ करता येतो, आणि जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे पाणी काढत जा. वरचा कागद घाईने ओढू नका, अक्षरं त्याच्यासोबतच येतात.

रंगानेच करायचं असेल तर पॉलिश पेपर, मेटल प्रायमर, मग ऑइल पेंट. स्टेन्सिल वापरणार असाल तर ‘व’, ‘ब’ च्या पोटातला तुकडा गळून पडतो, तिथे बारीक पट्टी सोडावी लागते. स्प्रे लांबून आणि पातळ मारा, जाड मारला की ओघळलाच समजा.