पाऊस सरल्यावर मेलीफेराची, म्हणजे युरोपीय मधमाशीची, पेटी उघडण्याआधी

ऑक्टोबरचं ऊन पडलं की धुरणी, पटाशी, जाळीच्या झाकणाची बरणी, पिठीसाखर आणि वही एवढं घ्या. औषध तूर्त दुकानातच राहू द्या.

आधी शिवार बघा. पावसाळाभर पाकावर काढलेल्या माशांचं पोट भरलेलं असतं, पण पाकात नुसती साखरच. परागाच्या कवचात पी-कूमॅरिक आम्ल असतं, ते मधातही उतरतं. ते पोटात गेलं की माशीची विष पचवणारी आणि जंतूंशी लढणारी जनुकं जास्त कामाला लागतात, हे 2013 मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. तेव्हा कारळा-तीळ फुलला असेल तर पाक बंद. मध काढताना दोन भरल्या चौकटी त्यांच्या त्यांना सोडा. मी हाव केली होती, ती पुढच्या पावसाळ्यात भोवली.

चौकटींना चिकटलेली तपकिरी राळ हाताला वैताग देते खरी, पण सगळी खरवडू नका. झाडांवरून आणलेल्या या राळेनं पेटीतले जंतू आटोक्यात राहतात. नवी पेटी करून घेताना आतून रंधा मारू नका, खरखरीत फळीवर माशा राळ जास्त लावतात. (सातेरी, म्हणजे आपली देशी पेटीतली माशी, राळ आणत नाही, तिला हे लागू नाही.)

आता वरोआ, म्हणजे माशांच्या अंगावर जगणारे परजीवी किडे, मोजा. पिलाव्यावरच्या (अंडी-अळ्यांच्या चौकटीवरच्या) अर्धा कप, म्हणजे साधारण 300 माशा बरणीत घ्या. राणी त्यात नाही ना, दोनदा बघा. दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी मिनिटभर हलकेच फिरवा आणि पांढऱ्या ताटलीवर झटका. वर पाणी शिंपडलं की साखर विरघळते आणि तिळाहून बारीक, तांबूस वरोआ उरतात. नवाच्या वर निघाले तर मी उपाय करतो.

उपाय म्हणजे अमृतधारेतलं ओव्याचं फूल, थायमॉल. आधी मधकोठी (मध साठवायचा वरचा कप्पा) काढा, नाहीतर मधाला ओव्याचा वास बसतो. बंद घरांत पिलावा 12 दिवस असतो, तिथल्या किड्यांना वाफ पोचत नाही. म्हणून दुसरी मात्रा लागतेच. मात्रा पाकिटावरचीच. मी एकदा तापल्या दुपारी अंदाजानं पुडी ठेवली, तर संध्याकाळी निम्म्या माशा दाराबाहेर दाढीसारख्या लोंबत होत्या.

शेजारी सातेरीच्या पेट्या असतील तर त्यांच्यासाठी पटाशी वेगळी ठेवा. तिथलं पिल्लू चिमट्यानं उचलल्यावर पाण्याच्या पिशवीसारखं लोंबलं, तर तो थाई सॅकब्रूड विषाणू. त्यावर ओवा, हळद, लिंबाचा पाला काही चालत नाही. ती पेटी लांब न्या आणि तिची चौकट दुसरीकडे देऊ नका.