अपंगत्वावरचा चित्रपट दाखवून चर्चा कशी घडवून आणावी

दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाच्या निमित्ताने, महाविद्यालयांत आणि ग्रंथालयांत एखादा चित्रपट दाखवला जातो. शेवटी काही जण डोळे पुसतात, प्रमुख पाहुणे जिद्दीवर चार शब्द बोलतात आणि चहापानाने कार्यक्रम संपतो. अशा सभागृहात अनेकदा एकही अपंग व्यक्ती नसते, आणि ती नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्या संयोजकांना यापेक्षा अधिक काही साधायचे आहे, म्हणजे चित्रपटाच्या निमित्ताने अपंगांच्या हक्कांविषयी खरे बोलणे व्हावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. त्यातील बऱ्याच गोष्टी मी स्वतः चुका करून शिकलो.

तयारीची सुरुवात चित्रपटाच्या निवडीपासून होते आणि निवडीसाठी तो चित्रपट किमान दोनदा पाहावा लागतो. पहिल्यांदा प्रेक्षक म्हणून पाहावा. दुसऱ्यांदा कागद घेऊन बसावे, कागदाचे उभे दोन भाग करावेत, डावीकडे अपंग पात्राने स्वतः घेतलेले निर्णय लिहावेत आणि उजवीकडे त्याच्याविषयी इतरांनी घेतलेले. शिक्षण, नोकरी, लग्न, उपचार, कुठे राहायचे, कोणाशी बोलायचे असे लहानमोठे सगळे निर्णय त्यात यावेत. मला ही एक कसोटी इतर सर्व कसोट्यांपेक्षा उपयोगी वाटते, कारण पात्र चांगले रंगवले आहे की वाईट, यावर लोक तासभर वाद घालतात. निर्णय कोणी घेतला हे मात्र पडद्यावर स्पष्ट दिसते. उजवी बाजू भरलेली आणि डावी कोरी राहिली, तर ती गोष्ट अपंग माणसाची नसून त्याच्या भोवतालच्या माणसांच्या चांगुलपणाची आहे, असे बहुधा आढळेल.

त्याच वेळी शेवटाकडेही लक्ष द्यावे. आपल्याकडच्या हिंदी आणि मराठी चित्रपटांत अपंग पात्रासाठी ठरावीक शेवट फार दिवस चालत आले आहेत. शस्त्रक्रियेने किंवा देवाच्या कृपेने दृष्टी परत येते, पात्राचा मृत्यू होतो, किंवा ते दुसऱ्याच्या सुखासाठी बाजूला होते. जसे आहे तसेच राहून, भाडे भरत, भांडत, प्रेम करत जगणारे पात्र त्या मानाने क्वचित भेटते. लंगडणारा खलनायक, हशा पिकवण्यापुरता आणलेला तोतरा नोकर आणि डोळे गेल्याची भरपाई म्हणून अलौकिक गळा मिळालेला गायक हेही याच परंपरेतले आहेत. तिसऱ्या प्रकाराकडे विशेष बारकाईने पाहावे, कारण तो कौतुकाच्या रूपात येतो आणि म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाही.

मात्र हा कागद म्हणजे गुणपत्रिका नव्हे. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ (२००४) या चित्रपटातील कोकणातला लहान परशा जवळजवळ कोणताच निर्णय घेत नाही. डोळ्यांच्या कर्करोगातून त्याचा जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया हवी आणि शस्त्रक्रियेनंतर दृष्टी जाणार, हे मोठ्यांनीच ठरवायचे असते. तरीही हा चित्रपट चर्चेसाठी अतिशय योग्य आहे, कारण मुलाला हे आधी सांगितले गेलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह हाच त्याचा गाभा आहे. ज्याच्या शरीरावर निर्णय होणार त्याला विश्वासात घ्यायचे की नाही, हा हक्कांच्या चळवळीचाच प्रश्न आहे, आणि तो इथे परशाच्या आजोबांच्या जड झालेल्या जिभेतून आपल्यापर्यंत येतो.

याच्या अगदी उलट उदाहरण सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’चे (१९८०) आहे. अंध विद्यालयाचे अंध मुख्याध्यापक अनिरुद्ध परमार स्वतःचे सगळे निर्णय स्वतः घेतात, इतके की नायिका कविता आपल्याशी लग्न करते आहे ते प्रेमापोटी नव्हे, त्यागाच्या भावनेतून, असे वाटताच ते ठरलेले लग्न मोडतात. ते चुकले का, यावर प्रेक्षकांना मनसोक्त भांडू द्यावे. चुकण्याची मुभा असलेले, मानी, प्रसंगी तुसडे अपंग पात्र आपल्या पडद्यावर दुर्मीळ आहे, आणि त्याच्यावर रागावता येणे हीच त्याला मिळालेली बरोबरी आहे. चित्रीकरण दिल्लीतील अंध विद्यालयात झाले आणि तिथली मुले त्यात दिसतात. मुख्य भूमिका मात्र डोळस नटाची, नसीरुद्दीन शाह यांची, आहे. या दोन्ही गोष्टी सुरुवातीलाच सांगाव्यात, म्हणजे भूमिका कोणाला मिळते हा प्रश्न आपोआप पुढे येतो. त्यासोबत महेश लिमये यांच्या ‘यलो’मधील (२०१४) एखादा प्रसंग दाखवता आला तर फारच चांगले, कारण त्यात डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने स्वतःचीच भूमिका केली आहे.

जुना चित्रपट टाळू नये. गुलजार यांच्या ‘कोशिश’मधील (१९७२) बोलू-ऐकू न शकणाऱ्या जोडप्याच्या भूमिका संजीव कुमार आणि जया भादुरी या ऐकू येणाऱ्या कलावंतांनी केल्या होत्या. शेवटी वडील आपल्या ऐकू येणाऱ्या मुलाने एका कर्णबधिर मुलीशी लग्न करावे असा हट्ट धरतात. हा प्रसंग संपताच दिवे लावून, त्या मुलीची इच्छा पडद्यावर कितीशी दिसली, एवढाच प्रश्न विचारावा. निवडलेल्या चित्रपटाच्या हक्कधारकाकडून सार्वजनिक प्रदर्शनाची लेखी परवानगी घ्यायला विसरू नये.

आता सभागृहाविषयी. माझे पहिले सत्र पहिल्या मजल्यावर होते, उद्वाहन त्या दिवशी बंद होते आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका प्राध्यापिकेला चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेले. सगळ्यांना ते सहकार्याचे सुंदर दृश्य वाटले. चर्चेत त्या एक शब्दही बोलल्या नाहीत आणि नंतर कधी आल्या नाहीत. तेव्हापासून मी जागा ठरवण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहतो. उतार एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबीचा हवा, स्वच्छतागृहाच्या दारातून चाकाची खुर्ची आत जायला हवी, आणि तिच्यासाठी जागा केवळ शेवटच्या रांगेत न ठेवता मधल्या रांगांच्या कडेलाही काढायला हवी, म्हणजे माणसाला आपल्या मित्रांशेजारी बसता येते.

कर्णबधिर प्रेक्षकांसाठी मराठी अक्षरपट्टी, म्हणजे संवादांबरोबर इतर आवाजही लिहून दाखवणारी पट्टी, हवी. संवादांची इंग्रजी उपशीर्षके पुरेशी आहेत असे समजू नये, कारण दार वाजल्याचे, पाऊस पडत असल्याचे किंवा कोणी मागून हाक मारल्याचे त्यांतून कळत नाही. चर्चेसाठी भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषी दोन असावेत. तासाभराच्या कामात एकट्याचे हात आणि लक्ष दोन्ही थकतात. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत दुभाष्यांची चौकशी करता येते. दुभाषी जिथे उभे राहतील तिथे चित्रपट चालू असतानाही मंद प्रकाश असावा.

अंध प्रेक्षकांसाठी दृश्यवर्णनाची तयार ध्वनिफीत मिळाली तर उत्तम. नाहीतर एखाद्या चांगल्या वाचकाने संवादांच्या मधल्या जागांत, छोट्या माइकवरून, पडद्यावरचे वर्णन सांगावे. हे काम ऐन वेळी जमत नाही, त्यासाठी दोन तरी तालमी कराव्या लागतात. वर्णनात जे दिसते तेच यावे: ‘तो दुःखी आहे’ असे न सांगता ‘तो खिडकीकडे तोंड करून उभा राहतो’ असे सांगावे, आणि भावनेचा अर्थ लावण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपवावे. या सोयींना उपकार समजू नये. अपंग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी दृश्यवर्णन, सांकेतिक भाषा आणि अक्षरपट्टी यांचा उल्लेख आहे, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

शब्दांचा प्रश्न थोडक्यात मिटवावा. शासकीय मराठीत ‘दिव्यांग’ रूढ झाला आहे, चळवळीतील अनेकांना तो पटत नाही आणि ते ‘अपंग’ किंवा ‘अपंगत्व असलेली व्यक्ती’ म्हणतात. समोरच्याला काय आवडते ते विचारून तेच वापरावे. ‘मतिमंद’ आणि ‘मूकबधिर’ हे शब्द मात्र सोडावेत. सत्राच्या सुरुवातीला मी एक छोटा सराव घेतो: अपंगत्वाचा उल्लेख असलेल्या म्हणी आठवायला सांगतो. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’, ‘वासरात लंगडी गाय शहाणी’, ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ अशा म्हणी भराभर येतात आणि फळा भरतो. मग चित्रपटाने जे केले ते आपली भाषा आधीपासून करत आली आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

चित्रपट संपल्यावर लगेच बोलायला लावू नये. पाच मिनिटे शांत ठेवून प्रत्येकाने आपल्याला खटकलेला एक प्रसंग मनाशी ठरवावा. अपंग उपस्थितांना बोलण्याची पहिली संधी द्यावी, पण त्यांच्याकडे माइक ढकलू नये. आपण सर्व अपंगांच्या वतीने साक्ष द्यायला आलो आहोत असे त्यांना वाटता कामा नये. ‘तुम्हाला हे कधी झाले, कसे झाले’ असे प्रश्न सूत्रसंचालकाने नम्रपणे पण ठामपणे थांबवावेत. डोळ्यांवर पट्टी बांधून दहा मिनिटे चालण्याचा खेळ काही जण सुचवतात. तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दहा मिनिटांत माणसाला फक्त भीती कळते, वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेले कौशल्य कळत नाही, आणि मनात उरते ती दयाच.

चर्चा दयेकडे झुकू लागली की प्रश्न बदलावा. ‘त्याला किती सोसावे लागले’ यावर बोलणे अडकले असेल, तर ‘त्या शाळेला उतार असता, त्या कार्यालयात वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर असते, तर ही गोष्ट किती मिनिटांत संपली असती’ असे विचारावे. अडथळा शरीरात आहे की भोवतालच्या व्यवस्थेत, हा फरक व्याख्यानापेक्षा अशा एका प्रश्नाने लवकर समजतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले, ही माहितीही इथेच द्यावी आणि एकवीसपैकी किती प्रकार आपण पडद्यावर पाहिले आहेत ते मोजायला लावावे. मोजणी फार पुढे जात नाही.

एखाद्या चित्रपटाविषयी आक्षेप नोंदवावा असे सभेत ठरले, तर घाईने पत्र लिहू नये. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे निपुण मल्होत्रा यांनी ‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटातील अपंगांच्या चित्रणाविरुद्ध केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी दिलेला निकाल आधी समजून घ्यावा. न्यायालयाने त्या चित्रपटाच्या प्रमाणपत्रात हस्तक्षेप केला नाही, पण चित्रणासाठी मार्गदर्शक मुद्दे घालून दिले: हिणवणारे शब्द टाळावेत, वैद्यकीय स्थितीची माहिती अचूक असावी, रूढ साचे वापरू नयेत आणि अपंग व्यक्तींना निर्मितीत सहभागी करून घ्यावे. अपंगांना तुच्छ लेखणारा विनोद आणि अपंगत्वाच्या अनुभवातून येऊन रूढ समजुतींना धक्का देणारा विनोद, असा भेदही न्यायालयाने केला, आणि कथानकाचा एकूण संदेश विचारात घ्यावा असे म्हटले. म्हणून तक्रारीत केवळ एक शब्द उचलून चालत नाही. प्रसंगाची नेमकी वेळ, संवाद, त्यातील चूक आणि एकूण कथेत त्याचे स्थान, हे सर्व लिहून काय बदल हवा तेही सांगावे. ओटीटीवरील चित्रपटाची तक्रार प्रथम त्या मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी; २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्याने पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. मसुदा सभेतील अपंग सदस्यांनी लिहावा किंवा निदान त्यांनी तपासल्याशिवाय पाठवू नये.

कार्यक्रमानंतर आठवडाभरात चर्चेची टिपणे सर्वांना पाठवावीत, संगणकावर वाचून ऐकता येतील अशा युनिकोड मजकुरात, छायाचित्र काढून नव्हे. त्यासोबत दोन गोष्टी विचाराव्यात: सभागृहात काय अडले, आणि पुढचा चित्रपट कोणता असावा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अपंग सदस्यांनी द्यावे आणि त्यांनी निवडलेला चित्रपट आपल्याला हलकाफुलका किंवा विषयाला सोडून वाटला, तरी तोच लावावा.