अ‍ॅबसिंथ घातली आणि कॉकटेल बिघडलं? या चुका टाळा

अ‍ॅबसिंथ म्हणजे बडीशेप आणि वर्मवूड नावाच्या कडू वनस्पतीपासून बनवलेली कडक दारू. फोडणीत चमचाभर हिंग पडला की आमटीचं जे होतं, तेच अख्खा पेग अ‍ॅबसिंथ पडलेल्या कॉकटेलचं होतं. जिन कुठली होती, लिंबू ताजं होतं का, काही कळत नाही, नुसती बडीशेप. बाटलीत दारू आहे म्हणून आपण ती पेगने मोजतो आणि तिथेच फसतो. कॉकटेलमध्ये ती मसाला आहे. तिचं माप थेंबांत. ड्रॉपरची छोटी काचेची बाटली आणा, त्यात थोडी भरून ठेवा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

उदाहरणच घ्यायचं तर ‘कॉर्प्स रिव्हायव्हर नंबर टू’. जिन, क्वांत्रो (संत्र्याच्या स्वादाची गोड दारू), लिले ब्लाँ (फळांच्या स्वादाची पांढरी वाइन) आणि लिंबाचा रस, प्रत्येकी २० मिली. अ‍ॅबसिंथ? चार-पाच थेंब. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचे बारटेंडर हॅरी क्रॅडॉक यांनी १९३० साली छापलेल्या कृतीतही तिचा एक डॅशच, म्हणजे शिंतोडाच, आहे. तेवढीशी वगळली तर मात्र पेय नुसतं आंबट-गोड लागतं.

सर्वांत जास्त हाल होतात ते न्यू ऑर्लिन्सच्या ‘साझेरॅक’चे. यात अ‍ॅबसिंथ पेयात मिसळायचीच नसते, ग्लासला लावायची असते. एक छोटा ग्लास आधी बर्फाने गार करा. बर्फ काढून टाका, चमचाभर अ‍ॅबसिंथ घाला, ग्लास तिरका धरून आतून सगळीकडे फिरवा आणि उरलेली ओतून द्या. इथे जीव तुटतो हे मान्य. एवढी महाग दारू ओतायची कशी? पण तळाशी ठेवलीत तर पहिल्या घोटाला चव ठीक आणि शेवटचा घोट नुसता अ‍ॅबसिंथचा. टाकवत नसेल तर अत्तरासारखी स्प्रेच्या बाटलीतून दोनदा फवारा. दुसऱ्या ग्लासात साखरेचा क्यूब आणि पेशोज बिटर्सचे (वनस्पतींच्या कडवट अर्काचे) तीन-चार डॅश घोटून घ्या, ६० मिली राय व्हिस्की आणि बर्फ घाला, ढवळा आणि गाळून पहिल्या ग्लासात ओता. वरून लिंबाची साल पिळा. शेकरमध्ये हलवू नका, आणि प्यायच्या ग्लासात बर्फ घालू नका. साझेरॅक दुधाळ दिसलं तर समजा, ओतून द्यायला हात आखडला.

तेच दुधाळपण अ‍ॅबसिंथ पाण्याबरोबर घेताना मात्र हवंच. अनेकजण घाबरून ग्लास ओतून देतात, ‘फाटली’ म्हणून. बडीशेपीच्या तेलातलं अ‍ॅनेथोल कडक अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. पाणी वाढलं की त्याचे बारीक कण होतात आणि पेय पांढुरकं दिसतं. फ्रेंच याला ‘लूश’ म्हणतात. पाणी घालूनही ते आलंच नाही, तर बाटलीवरचा मजकूर वाचा: चेक पद्धतीच्या काही बाटल्यांत बडीशेप जवळजवळ नसतेच.

पाणी गारच हवं, आणि बारीक धारेने. एका भागाला तीन ते पाच भाग. गणित करून बघा: ६८ टक्क्यांची ३० मिली अ‍ॅबसिंथ आणि १२० मिली पाणी, म्हणजे १३–१४ टक्के, साधारण वाइनएवढं. पाण्याशिवाय घेणाऱ्याला कडक वाटते ती केवळ घाईमुळे.

शॅम्पेनमध्ये हे गणित उलटं फिरतं. अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या नावाने १९३५ पासून प्रसिद्ध असलेल्या ‘डेथ इन द आफ्टरनून’मध्ये एक जिगर, म्हणजे सुमारे ४५ मिली अ‍ॅबसिंथ आणि वर गार शॅम्पेन. इथे पातळ करायला पाणी नाही, दारूच आहे. १२० मिली शॅम्पेन धरली तरी ग्लासात २५ टक्क्यांच्या वर अल्कोहोल, आणि बुडबुड्यांमुळे ते चढतंही लवकर. मी १० मिलीच्या वर जात नाही. हेमिंग्वेच्या यकृताशी स्पर्धा कशाला?

साखर जाळण्याचा तमाशा टाळा. ही जुनी फ्रेंच रीत मुळीच नाही; १९९० च्या दशकात चेक बारमधून पसरली. जळक्या साखरेने वनस्पतींचा वास मरतो, आणि ७० टक्क्यांच्या आसपासची दारू पेट घेते तेव्हा हातही भाजतो. साखर हवीच तर जाळीच्या चमच्यावर ठेवून तिच्यावरून पाणी सोडा.

अ‍ॅबसिंथ मिळाली नाही म्हणून पास्तिस (बडीशेपीच्याच स्वादाची फ्रेंच दारू) वापरणार असाल तर चालेल, पण त्यात साखर असते. सिरप कमी करा. साम्बुका ही तशाच स्वादाची इटालियन दारू तर त्याहून गोड. व्होडकात वर्मवूड भिजवून ‘घरगुती अ‍ॅबसिंथ’ मात्र नको. खरी अ‍ॅबसिंथ गाळलेली असते, त्यामुळे वनस्पतीचा जहाल कडूपणा भट्टीतच राहतो. भिजवलेल्यात तो सगळा ग्लासात येतो. जोतिबाला वाहतात तो आपला दवणाही वर्मवूडचाच भाऊबंद, आर्टेमिसिया गटातला, पण म्हणून तोही बाटलीत घालायला जाऊ नका. आणि भास होतील या आशेने कोणी विचारत असेल तर: होणार नाहीत. भासांचा आळ येतो तो वर्मवूडमधल्या थुजोन या रसायनावर. युरोपीय संघात त्याला किलोमागे ३५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि फ्रान्समध्ये १९१५ साली अ‍ॅबसिंथवर बंदी आली त्यापूर्वीच्या जुन्या बाटल्या तपासल्या तेव्हाही त्यात फार थुजोन सापडलं नाही.

बाटली फ्रीजमध्ये ठेवू नका. गारव्याने अ‍ॅनेथोलचे पांढरे स्फटिक धरतात. दारू खराब झालेली नसते, बाहेर काढून ठेवली की विरघळतात. आणि खिडकीतही नको. खऱ्या हिरव्या अ‍ॅबसिंथचा रंग क्लोरोफिलचा असतो, उन्हात तो पिवळट-तपकिरी पडतो. पुढच्या वेळी ती पारदर्शक बाटलीत हिरवीगारच राहिलेली दिसली, तर रंगाचा डबा कुठे उघडला ते विचारायला हरकत नाही.