वेळासला कासवं बघायला जाताय? मुक्काम गावातच करा

रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या समुद्रकिनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी जपण्याचं काम सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने 2002 साली सुरू केलं. पूर्वी ही अंडी सर्रास चोरीला जायची. आता पिल्लं बघायला येणाऱ्यांची सोय गावकरी स्वतःच्या घरात करतात, त्यामुळे कासव जगलं तर घरात चार पैसे येतात, हा हिशोब गावात सगळ्यांना कळतो.

म्हणूनच दुसरीकडच्या रिसॉर्टवर उतरून सकाळी गाडीने धावती भेट देऊ नका. तुमचे पैसे तिकडेच राहतात आणि वेळासच्या वाट्याला फक्त धूळ येते. घरमालकांना आधी फोन करून माणसं किती, जेवणार किती ते सांगा. तांदूळ, नारळ, भाजी त्या अंदाजानेच आणली जाते. आयत्या वेळी रद्द केलंत तर भुर्दंड त्या काकूंना. रोख रक्कम जवळ ठेवा, रेंजचा भरवसा धरू नका. निघताना आमसुलं, कोकम आगळ तिथूनच घ्या, आणि घासाघीस नको.

पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर येतात. अंडी वाळूतल्या घरट्यात असतात आणि वर टोपली झाकलेली असते; सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. कधी खाली वीस-पंचवीस पिल्लं वळवळत असतात, कधी नुसती वाळू. त्यामुळे दोन रात्री राहा. पिल्लं समुद्राकडे सोडताना दोरीच्या मागे उभं राहायचं, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद.