सशाचे केस विंचरताना या चुका टाळा

ससा दिवसातून अनेकदा चाटून अंग स्वच्छ ठेवतो, म्हणून त्याला विंचरावे लागत नाही, हा समज सर्वांत महागात पडतो. चाटताना सुटलेले केस पोटात जातात आणि मांजराप्रमाणे ते ओकून टाकणे सशाला शक्य नसते. वाळलेले गवत भरपूर खाणाऱ्या सशाचे केस विष्ठेवाटे निघून जातात. परंतु आतड्यांची हालचाल मंदावली की तेच केस अन्नाबरोबर घट्ट होऊन साचतात. लेंड्या केसांनी जोडल्या जाऊन माळेसारख्या दिसू लागल्या, तर विंचरणे आणि गवत दोन्ही वाढवावे. सशाने खाणे सोडले किंवा लेंड्या थांबल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. इथे उद्यापर्यंत थांबणे जिवावर बेतू शकते.

आखूड केसांच्या सशाला आठवड्यातून एकदा विंचरणे पुरते, केस गळण्याच्या काळात मात्र ते रोज करावे. अंगोरासारख्या लांब केसांच्या जातींना ही निगा बारमाही रोजच लागते.

सशाची कातडी अतिशय पातळ असते आणि ओढाताणीने सहज फाटते. त्यामुळे टोकदार तारांचा ब्रश दाबून फिरवू नये. मऊ रबरी ब्रश किंवा ओलसर हाताने सुटे केस अलगद निघतात. केसांचा गुंता झाल्यास कात्री चालवण्याचा मोह होतो, पण गुंत्याबरोबर कातडीही वर उचलली जाते आणि नेमकी तीच कापली जाते. गुंत्याचे मूळ बोटांत धरून टोकाकडून थोडे थोडे केस मोकळे करावेत, ससा कंटाळला तर उरलेले काम दुसऱ्या दिवशी करावे आणि कातडीला चिकटून बसलेला गुंता पशुवैद्याकडूनच काढून घ्यावा. पंजाखालचे केस कधीही कापू नयेत, कारण सशाच्या पायाला कुत्र्यासारखी गादी नसते आणि ते केस गेले की टाचांना जखमा होतात.

सशाला अंघोळ घालू नये. भिजलेले दाट केस लवकर वाळत नाहीत, शरीराचे तापमान घसरते आणि भीतीनेच तो खचतो. शेपटीखालचा भाग माखला असेल, तर तेवढाच कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरडा करावा. तो वारंवार माखत असेल, तर दोष स्वच्छतेचा नसून बहुधा आहार, लठ्ठपणा, दात किंवा सांधेदुखीचा असतो. उष्ण हवेत अशा जागी माश्या अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मांस पोखरू लागतात, म्हणून हा भाग रोज पाहावा.

उताणा ठेवलेला ससा निश्चल होतो तो आरामामुळे नव्हे, तर भीतीमुळे. शिवाय त्याच्या मागच्या पायांत जोर खूप आणि हाडे हलकी, त्यामुळे हवेत धरलेल्या सशाने जोरात लाथ मारल्यास त्याचाच कणा मोडू शकतो. जमिनीवर न घसरणारे कापड अंथरून, त्याचे चारही पाय टेकलेले ठेवून विंचरावे.

पाठीवर किंवा मानेवर जाड कोंडा दिसला, तर तो अधिक विंचरल्याने जात नाही. त्यामागे बहुतेकदा सूक्ष्म किडे असतात आणि त्यांना औषधच लागते. कुत्र्यामांजरांसाठी मिळणारे पिसवांचे थेंब मात्र सशाला परस्पर लावू नयेत. त्यांपैकी फिप्रोनिल हे कीटकनाशक असलेले थेंब सशाचा जीव घेऊ शकतात.