जुन्या स्नायपर रायफलच्या लाकडाला काच पेपर लावू नका
दुसऱ्या महायुद्धातल्या ली-एनफिल्ड नंबर ४ (टी) या ब्रिटिश स्नायपर रायफलमध्ये दुर्बिणीचा नंबर दस्त्याच्या मानेवर (मुठीत धरायच्या बारीक भागावर), थेट लाकडातच ठोकलेला असतो आणि रायफलचा नंबर दुर्बीण बसवायच्या ब्रॅकेटवर. जोडी मूळची आहे की नाही, हे यावरूनच कळतं. काच पेपर फिरवला की हा पुरावा कायमचा गेला! म्हणून आधी तिरप्या उजेडात फोटो काढा, मगच मऊ कापडाने मळ पुसा. (रायफल परवान्यावर नोंदलेली हवीच, त्यात तडजोड नाही.) जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात लाकूड फार सुकतं. घाण्याचं कच्चं जवसाचं तेल अगदी पातळ चोळा, जास्तीचं पुसून घ्या, पूर्ण वाळल्यावरच दुसरा हात द्या. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. अंगणात पसरून वाळवा.