माती परीक्षणाच्या नोकरीत नव्याने येणाऱ्यांसाठी: मॅग्नेशियम कसं वाचायचं

बी.एस्सी. अ‍ॅग्री करून प्रयोगशाळेत रुजू झालात की नत्र, स्फुरद, पालाश यांतच दिवस जातो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, मॅग्नेशियमचं टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण सोडून मोजणं) पहिल्यापासून हातात बसवून घ्या.

अमोनियम अ‍ॅसिटेटने काढलेल्या अर्कात ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवणारं द्रावण) सोडताना, एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा सूचक असेल तर वाईनसारखा लाल रंग जाऊन निळा येतो. ते झालं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून. दुसऱ्या फ्लास्कमध्ये म्युरेक्साइड हा दुसरा सूचक घालून नुसतं कॅल्शियम काढायचं आणि वजाबाकी करायची. म्हणजे दोन्हीकडची चूक शेवटी मॅग्नेशियमच्याच माथी बसते. पहिल्या फ्लास्कमध्ये जांभळट छटा दिसू लागली की ब्युरेटचा (ईडीटीए सोडायच्या नळीचा) कॉक आवळा आणि थेंबाथेंबाने जा. त्यात चुनखडीची माती असली तर थोडा चुनाही अर्कात उतरतो आणि कॅल्शियम फुगून येतं.

आकडा बरोबर आला तरी तो पिकाला मिळतोच असं नाही. नाशिक-सांगलीकडच्या भारी काळ्या जमिनीत मॅग्नेशियम सहसा भरपूर असतं, पण ठिबकमधून पालाशचा मारा झाला की मुळांना ते उचलता येत नाही. मग द्राक्षवेलीची बुडाकडची जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात, शिरा हिरव्याच राहतात. वेल जुन्या पानांतलं मॅग्नेशियम काढून नव्या पानांना देते, म्हणून खालून सुरुवात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी असतील तर आधी लोहाचा संशय घ्या. अहवालात पालाशचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय मॅग्नेशियमची शिफारस लिहूच नये, असं माझं ठाम मत आहे.

कोकणातल्या जांभ्या जमिनीत गोष्ट वेगळी. तिथे पावसाने ते खरोखरच धुऊन जातं. जमीन आम्लधर्मी, त्यामुळे डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडक) लागू पडतं. चुनखडीच्या जमिनीत मात्र ते विरघळतच नाही, तिथे मॅग्नेशियम सल्फेट द्या. त्याच्या 10 किलोत मॅग्नेशियम किलोभरही नसतं, हे शेतकऱ्याला आधीच सांगा. फवारणीने पान लवकर सुधारतं, पण तेवढ्यापुरतंच.

कापसाचं शेत असेल तर आणखी सावध राहा. ‘लाल्या आला’ म्हणून फोन येतो आणि दुकानदार लगेच मॅग्नेशियम काढून देतो. पण नत्र कमी पडलं, रात्री गारठल्या, पाण्याचा ताण बसला, तरी पान लाल होतं. शेतात गेल्यावर आधी पान उलटून तुडतुडे (रस शोषणारी कीड) बघा, मग नत्राचा शेवटचा हप्ता कधी दिला ते विचारा.